लाटफळीचा पत्ता

विमल लोखंडे यांच्या निधनाची बातमी आमच्या दैनिकात आतल्या पानावर, चार ओळींत आली. चार ओळींत दोन चुका होत्या. त्या मुख्य मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाल्या होत्या. बातमीत ‘लेखनिक’ म्हटलं होतं. ही चूक घाईची. दुसरी घाईची नव्हती. शेवटचं वाक्य असं होतं : ‘लाटफळीसारखे अस्सल कोळी शब्द जपण्याचं श्रेय त्यांना जातं.’ दादरच्या कोशसंस्थेच्या शोकसंदेशातून ते जसंच्या तसं उचललं होतं.

आयुष्याची शेवटची दोन वर्षं लोखंडेबाईंनी हे खोटं आहे एवढंच सांगण्यात घालवली. ज्यांना त्यांनी ते तोंडी सांगितलं, पत्रानं सांगितलं, पायऱ्या चढून जाऊन सांगितलं, त्यांनीच ते त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावावर घातलं. म्हणून हे लिहितो आहे.

मी उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा आमचं कार्यालय गिरगावात होतं आणि बाई चाळिशीच्या आसपास होत्या. परळच्या चाळीतून येत. वडील गिरणीत होते, आईही गिरणीत, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात. चाळीतल्या विहाराच्या वाचनालयात शब्दकोशाचा एकच खंड होता, ‘प’पासूनचा. ‘‘त्यामुळे मला पाप आधी कळलं आणि अन्न नंतर,’’ असं त्या सांगत. हसत नसत. समोरचा हसला तर त्याच्याकडे चष्म्यावरून पाहत.

त्या चष्म्याच्या काचांवर कायम ओरखडे असत, कारण चष्म्याच्या डबीत चिठ्ठ्या ठेवलेल्या असत आणि चष्मा पिशवीत मोकळा, जेवणाच्या डब्याच्या झाकणाशी घासत. चिठ्ठ्या त्या तपासून झालेल्या प्रुफांच्या कोऱ्या बाजूतून कापत. पोलादी पट्टी धरून, एका मापाच्या. चिठ्ठीवर शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, कोणी म्हटलं, कुठे, कोणत्या तारखेला, आणि खाली उजव्या कोपऱ्यात ‘वि. लो.’ स्वतः ऐकलेला नसेल तर ‘ऐकीव’ असा शेरा, त्याखाली रेघ. बऱ्यापैकी साठल्या की त्या चिठ्ठ्यांची चळत रबर लावून शनिवारी दादरला कोशसंस्थेत नेऊन द्यायच्या. पगार नव्हता. चहा मिळायचा.

त्यांच्यासमोर बोलणं अवघड असे. कॅन्टीनमध्ये एखादा गप्पा मारता मारता काही नवं बोलून गेला की बाई घास खाली ठेवत. ‘‘थांब. परत बोल. कुठे ऐकलंस?’’ तो गडबडला, ‘‘असंच म्हणतात’’ असं म्हणाला, की संपलंच. ‘‘असंच कोणी म्हणत नसतं. शब्दाला बाप नसला तरी चालेल, पत्ता पाहिजे.’’

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी किमान शंभरदा ऐकलं असेल. पुढचं सगळं त्या वाक्यावरच गेलं.

‘सर्फिंग’ या शब्दासाठी त्यांनी वेगळं पाकीट केलं होतं. इतर शब्दांना रबर, याला पाकीट. कारण याचे अर्थ रबरात मावत नाहीत असं त्यांचं म्हणणं. पहिली चिठ्ठी त्यांच्या मावशीची होती. चाळीतल्या बायकांच्या बोलण्यात ‘सर्फ’ म्हणजे कपडे धुण्याची पावडर, मग पुडी कोणत्याही कंपनीची असो. समुद्राशी संबंध नाही. मग टीव्हीवर पुष्कळ वाहिन्या आल्या आणि रिमोटचं बटण दाबत एकही कार्यक्रम न पाहण्याला पुरवण्यांमधून ‘चॅनल सर्फिंग’ म्हणू लागले. मग इंटरनेट आलं. परळ नाक्याजवळ एक सायबर कॅफे निघाला तेव्हा बाई ड्यूटीच्या आधी तिथे जाऊन खुर्चीवर बसल्या. मालकाला विचारलं, ‘‘पाटीवर ‘सर्फिंग’ लिहिलंय. म्हणजे काय करायचं?’’

मालक म्हणाला, ‘‘काही करायचं नसेल ना मॅडम, तर ते सर्फिंग. काम असेल तर प्रिंटआउट.’’

याहून चांगली व्याख्या आपल्याला कुठल्याही कोशात मिळाली नाही, असं त्या म्हणत. ती चिठ्ठी त्यांनी मालकाच्या नावासकट लावली. पुढे कोणी जालभ्रमण म्हणालं, कोणी मुशाफिरी. तेही शब्द पाकिटात गेले. मग फोन हातात आले आणि लोक ‘स्क्रोल’ करू लागले. ‘‘आला, मिरवला, निवृत्त झाला,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माझ्याच वयाचा निघाला.’’

मूळ इंग्रजी शब्दाचाही पत्ता त्यांनी काढला होता. फोर्टातल्या एका ग्रंथालयात चार शनिवार बसून. लाटांवर फळीनं स्वार होण्याची कला हवाई बेटांवरची, तिथल्या लोकांचं तिला स्वतःचं नाव होतं. इंग्रजांनी तिला आपलं नाव दिलं ते किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसाठी त्यांच्याकडे असलेल्या शब्दावरून. आणि तो शब्द, त्याचं जुनं रूप, पहिल्यांदा सापडतं ते हिंदुस्थानच्या किनाऱ्याबद्दल लिहिलेल्या मजकुरात. पण मुळात आला कुठून, हे कोणालाच ठाऊक नाही.

कोशसंस्थेच्या बैठकीत हे त्यांनी मांडलं तेव्हा मी दैनिकासाठी बातमी घ्यायला हजर होतो. सबनीस तेव्हा समितीचे सदस्य होते, सचिव नंतर झाले. ते म्हणाले, ‘‘मग उघड आहे. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर मिळाला म्हणजे आपलाच. संस्कृत ‘सृप्’ धातू. सरपटणं. लाट सरपटत येते.’’

‘‘पुरावा?’’ बाईंनी विचारलं.

‘‘अहो, ऐकूनच कळतंय.’’

‘‘मला नाही ऐकू आलं. ‘मूळ अज्ञात’ लिहा.’’

‘‘लोखंडेबाई, प्रत्येक ठिकाणी अज्ञात-अज्ञात लिहीत बसलो तर कोश अडाणी दिसेल.’’

‘‘आणि खोटं लिहिलं तर कोश खोटा दिसत नाही,’’ बाई म्हणाल्या, ‘‘हीच तर पंचाईत आहे.’’

‘मूळ अज्ञात’ लिहिलं गेलं. त्याच बैठकीत बाईंनी एक नियम मांडला. सदस्य घरून शब्द आणत आणि ‘आमच्या आजीच्या तोंडी होता’ एवढ्यावर नोंद करून घेत. यापुढे तीन स्वतंत्र छापील ठिकाणं दाखवल्याशिवाय नोंद होणार नाही, तोंडी पुरावा चालणार नाही, असा तो नियम. एकमतानं मंजूर झाला.

त्याची पहिली किंमत बाईंनीच दिली. त्यांनी संस्थेत नेऊन दिलेला एक बिस्किटांचा डबा होता, त्यात त्यांच्या आईचे शब्द होते : वाइंडिंग खात्यातल्या बायकांचे, यंत्राच्या आवाजात ओठांवरून ओळखायचे, मुकादमाला कळू नयेत म्हणून बनवलेले. शेकडो. त्यातला एकही कधी कुठे छापलेला नव्हता. गिरणीतल्या बायकांचं बोलणं छापायला कोण गेलं होतं? डबा त्यांनी संस्थेकडून परत आणला आणि घरी फडताळावर ठेवला. मी म्हणालो, ‘‘बाई, अपवाद करता आला असता.’’ त्या म्हणाल्या, ‘‘माझ्या आईसाठी केला असता तर सबनीसांच्या आजीसाठीही करावा लागला असता.’’

आता मूळ गोष्ट. ती या बैठकीच्या बरीच आधीची आहे.

एका दुपारी छायाचित्रकारानं वरळी कोळीवाड्याचा फोटो आणला. दोन-तीन पोरं होडीच्या जुन्या फळ्यांवर पालथी पडून लाटेबरोबर किनाऱ्याकडे येत होती. फोटो पहिल्या पानावर जाणार होता. आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले, ‘‘फोटोखालच्या ओळीत सर्फिंग नको. मराठी द्या.’’ कोणी तरी ‘तरंगारोहण’ सुचवलं.

‘‘ते काय, कातडीच्या रोगाचं नाव आहे?’’ मुख्य उपसंपादक म्हणाले.

बाई शेजारच्या टेबलावर प्रूफ वाचत होत्या. मान वर न करता मला म्हणाल्या, ‘‘लाटफळी लिही.’’

‘‘असा शब्द आहे?’’ मुख्य उपसंपादकांनी विचारलं.

‘‘साडेचारला नव्हता. आता पाच वाजलेत.’’

सगळे हसले. शब्द जागेत बरोबर बसत होता. ‘वरळी कोळीवाड्यात रंगली लाटफळी’ अशी ओळ मी टाइप केली. बाईंच्या तोंडून पत्ता नसलेला शब्द बाहेर पडल्याचं मी पाहिलं ते त्या एकाच वेळी.

दुसऱ्या दिवशी छापलेल्या अंकात ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. ओळ वाचून कोणालाही वाटलं असतं की हा कोळ्यांचाच शब्द आहे. सुटीच्या दिवशी त्या मला घेऊन वरळी कोळीवाड्यात गेल्या. ‘‘टाइप तू केलंस,’’ म्हणाल्या, ‘‘तूही चल.’’ गल्लीच्या टोकाला, समुद्राच्या बाजूला, हिरा नावाची एक तरणी बाई सुकायला घातलेले बोंबील पालटत होती. बाईंनी विचारलं, ‘‘तुमची पोरं फळीवर लाटेतून येतात, त्याला तुम्ही काय म्हणता?’’

‘‘काय म्हननार? मेल्यांनो भायेर या म्हनतो.’’

‘‘खेळाला नाव काय?’’

‘‘नाव कसलं? मार खायाचं काम हाय त्ये. फली होडीची असते. बापूस शोधीत फिरतो.’’

‘‘लाटफळी म्हणतात का?’’

हिरानं कंबरेवर हात ठेवला. ‘‘कोन म्हनतं?’’

‘‘पेपर म्हणतो.’’

‘‘मंग पेपरवाल्यानला इचारा ना. माज्या बोंबलावर सावली नका पाडू.’’

बाईंनी तिथेच, भिंतीला टेकून, चिठ्ठी लिहिली. मी ती वाचली आहे. ‘लाटफळी. वृत्तपत्राच्या कार्यालयात मी बनवला. वरळी कोळीवाड्यात विचारले, असा शब्द नाही. नोंद करू नये. वि. लो.’ ती शनिवारी दादरला गेली आणि ‘सर्फिंग’च्या पाकिटात पडली. शुद्धिपत्रही द्यावं असं त्यांनी मुख्य उपसंपादकांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘फोटोच्या ओळीला कोणी शुद्धिपत्र देतं का बाई? उद्या कोणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही.’’ मी तिथे उभा होतो. मीही आग्रह धरला नाही.

बाई निवृत्त झाल्या. चाळ पाडून तिथे मनोरा उभा राहिला, त्यात एकोणिसाव्या मजल्यावर त्यांना घर मिळालं. डबा तिथेही फडताळाच्या जागी आलेल्या कपाटात गेला. कोशसंस्थेनं कोश इंटरनेटवर आणायचं ठरवलं. काम एका एजन्सीला दिलं. एजन्सीनं चिठ्ठ्या उघडल्या नाहीत, नेटवर जे सापडलं ते गोळा केलं. कोश सुरू झाल्याच्या आठवड्यात बाईंनी फोनवर ‘सर्फिंग’ काढलं. खाली होतं : ‘पाहा : लाटफळी.’ लाटफळीखाली होतं : ‘स्त्री. [कोळी बोली, पारंपरिक.] लाटांवर फळीने स्वार होण्याचा मुंबईच्या कोळ्यांचा पूर्वापार खेळ.’

तीन छापील ठिकाणं दिली होती. एक आमची फोटोची ओळ. दुसरं, एक पर्यटनाची पुस्तिका; तिसरं, एका दिवाळी अंकातला लेख. दोन्हींनी शब्द आमच्या ओळीवरूनच घेतलेला, वाक्यरचनेसकट.

बाईंनी मला फोन केला. ‘‘दादरला चल. साक्षीदार पाहिजे.’’

सबनीस आता सचिव होते. त्यांनी चहा मागवला, ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘पण बाई, शब्द सुंदर आहे. लोक वापरतात. तुम्हाला आनंद व्हायला हवा.’’

‘‘शब्द ठेवा. कंस काढा. ‘कोळी बोली’ खोटं आहे, ‘पारंपरिक’ खोटं आहे. माझं नाव घाला आणि ‘बनवलेला’ असं लिहा.’’

‘‘पुरावा?’’

‘‘मी सांगते आहे ना! हा बसलाय, यानं टाइप केलं.’’

सबनीस हसले. ‘‘तोंडी पुरावा आपण घेत नाही. नियम तुमचाच आहे. तीन छापील ठिकाणं आहेत त्याच्या बाजूनं.’’

‘‘तीन *स्वतंत्र*. ही तीन एकाच आईची आहेत.’’

‘‘ते सिद्ध कशानं करणार?’’

‘‘चिठ्ठीनं. तुमच्याकडे आहे. ‘सर्फिंग’चं पाकीट काढा.’’

सबनीसांनी कप खाली ठेवला. इमारतीची दुरुस्ती निघाली होती, त्यांनी सांगितलं. जागा कमी पडत होती. कोश डिजिटल होणारच होता. चिठ्ठ्यांचे खोके, म्हणजे जुने, हाताने लिहिलेले...

‘‘कुठे आहेत?’’

‘‘रद्दीत गेले.’’

मी बाईंना तीसहून अधिक वर्षं ओळखत होतो. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ‘‘रद्दीत? सबनीस, एकेका चिठ्ठीवर माणसाचं नाव होतं. सायबर कॅफेवाला होता, भाजीवाली होती, माझी मावशी होती. त्यांनी शब्द दिले, मी पत्ते लिहिले, तुम्ही पत्ते विकले?’’

‘‘विकले नाही हो. नेऊन टाकायला सांगितलं.’’

‘‘माझ्या आईचे शब्द मी बाहेर ठेवले,’’ बाई म्हणाल्या. ‘‘या नियमासाठी. ती पाळीभर उभी राहून जे बोलली ते बाहेर. आणि मी टेबलावर बसून मारलेली थाप आत?’’

सबनीस म्हणाले, ‘‘तुम्ही लेखी अर्ज करा. समितीपुढे ठेवतो.’’

अर्ज केला. उत्तर आलं की शब्द रूढ झाला असल्यानं नोंदीत बदल करण्याची आवश्यकता समितीला वाटत नाही. बाईंनी विचारलं होतं ते रूढ आहे की नाही हे नव्हतंच. दुसरा अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. तिसरा अर्ज पोचल्याची पावती आली. एवढी माणसं, एवढं शिक्षण, आणि एका कंसातले तीन शब्द पुसायला एकाचाही हात उठला नाही. कोळी बोलीचं एवढं प्रेम दाटून आलेल्या समितीतला एकही सदस्य या काळात वरळीला जाऊन कोळ्यांना विचारून आला नाही. दादरहून वरळी लांब नाही.

मी आमच्याच दैनिकाला पत्र लिहिलं. शब्द कसा बनला, कुठे, कोणासमोर, याचं ते पानभर निवेदन होतं. संपादकांनी ते वाचकांच्या पत्रव्यवहारात तीन ओळींवर आणून छापलं. कात्रण घेऊन बाई दादरला गेल्या. सबनीस बैठकीत होते. लिपिकानं कात्रण पाहिलं आणि म्हणाला, ‘‘हे एकच ठिकाण झालं ना, आजी?’’

बाईंना तो आवडला. ‘‘नियम पाठ आहे त्याचा,’’ मला म्हणाल्या. ‘‘बरोबर बोलला. अजून दोन पाहिजेत.’’

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते वरळी कोळीवाड्यात. त्यांनीच बोलावलं होतं. गुडघे गेले होते, टॅक्सीतून उतरायला वेळ लागला. हिरा अजून तिथेच होती, आता म्हातारी, खुर्चीवर. गल्लीच्या तोंडाशी निळी पाटी होती, ‘लाटफळी शिका’. हिराची नात, कॉलेजात जाणारी, पाटीखाली बसून रंगीत फळ्या पुसत होती. तिनं बाईंना स्टूल दिलं.

बाईंनी विचारलं, ‘‘हा शब्द कोणाकडून ऐकलास?’’

‘‘आमचाच आहे, आजी. एकदम ओल्ड. पणजोबांच्या टायमापासून.’’

‘‘तुझ्या पणजोबांना माहीत नव्हता. मी बनवला. पेपरच्या ऑफिसात, संध्याकाळी पाच वाजता.’’

‘‘काहीपण काय, आजी!’’ मुलगी हसली आणि तिनं फोन पुढे केला. ‘‘डिक्शनरीत आहे बघा. कोळी बोली, पारंपरिक. हे बाहेरचे लोक ना, आमचं काही पण असलं की म्हणतात आम्ही बनवलं.’’

बाईंनी फोनकडे पाहिलं, मग मुलीकडे. मुलगी जे म्हणाली ते इतर शंभर बाबतींत खरं होतं, आणि ते त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मग त्या हिराकडे वळल्या. ‘‘तू सांग. तू मला काय म्हणाली होतीस? मार खायचं काम.’’

हिरानं डोळे बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं. ‘‘म्हनली आसन,’’ ती म्हणाली. ‘‘पन आता बुकात हाय, तर आसलच ना पयल्यापासून. आमाला कुठं सगलं ठावं आस्तं.’’

बाईंनी पिशवीतून चष्म्याची डबी काढली. चिठ्ठी काढली. स्टुलावर बसून, गुडघ्यावर डबी ठेवून त्या लिहू लागल्या. मुलीला तिचं नाव विचारलं, वाक्य पुन्हा म्हणायला लावलं आणि जसंच्या तसं उतरवून घेतलं, ‘एकदम ओल्ड’ सकट. तारीख घातली. त्याखाली ‘मूळ’ असं लिहिलं आणि पुढे आपलं पूर्ण नाव, पहिल्यांदाच, वि. लो. नाही. चिठ्ठी माझ्या हातात दिली.

‘‘दादरला देऊ?’’ मी विचारलं.

‘‘दादरला कशाला? रद्दीत घालायला?’’ त्या म्हणाल्या. ‘‘छाप.’’

टॅक्सी गल्लीत येत नव्हती. माझा हात न धरता, भिंतीचा आधार घेत त्या नाक्यापर्यंत चालत गेल्या. मागे वळून पाहिलं नाही. तीन महिन्यांनी गेल्या.

चिठ्ठी माझ्यासमोर आहे. लाटफळी हा शब्द विमल लोखंडे यांनी गिरगावातल्या एका वृत्तपत्राच्या कार्यालयात फोटोखालच्या ओळीसाठी बनवला. तो कोळी बोलीतला नाही, पारंपरिक नाही. वाचकांच्या पत्रव्यवहारातल्या तीन ओळी हे पहिलं छापील ठिकाण. हे दुसरं. एक अजून हवं आहे.